नाव पुसलेला बल्ब

(आपल्या वसतिगृहांसाठी आणि पाड्यांसाठी साहित्य गोळा करणाऱ्या सोलापुरातील कार्यकर्त्यांची बैठक भवानी पेठेत झाली. त्या बैठकीत एका ज्येष्ठ वायरमन कार्यकर्त्यांनी केलेले हे भाषण, थोडे संक्षिप्त करून देत आहोत.)



मला विषय दिला आहे, ‘वस्तू गोळा करताना घ्यायची काळजी’. ताईंनी आत्ताच कपड्यांबद्दल सांगितलं, धान्याबद्दल सांगितलं. मी वायरमन माणूस, भाषण मला येत नाही. एकतीस वर्षं याच भवानी पेठेत आणि आजूबाजूला काम केलं. मागाच्या कारखान्यांतल्या मोटारी, वाड्यांतले मीटर, लग्नातल्या दिव्यांच्या माळा, सगळं केलं. म्हणून मी एकाच वस्तूबद्दल बोलणार आहे. खिशातून आणली आहे. हा बल्ब.

पुढच्या रांगेतल्या वहिनी, हा हातात घ्या आणि सांगा, किती वॅटचा आहे? किती व्होल्टचा? काही वाचता येत नाही ना? लिहिलेलं सगळं पुसून गेलंय. मागे पाठवा, सगळ्यांनी बघा. पण शेवटी मला परत द्या. याच्या जोडीचा एक बल्ब एका मुलीच्या डोक्यावर फुटला होता, आणि तो खोक्यात मी भरला होता.

ती गोष्ट सांगण्याआधी माझ्या घरची एक सांगतो. ती आधी घडली. तिच्यातून मी शिकलो असतो, तर दुसरी घडलीच नसती.

आमच्या जिन्यात भिंतीवर काचेच्या शेडचा एक दिवा आहे. सुनेनं हौसेनं आणलेला. त्यातला बल्ब गेला. काढून बघतो तर मेणबत्तीच्या ज्योतीसारखा आकार, बारीक आट्याचा, आणि लिहिलेलं जळून गेलेलं. मी तो खिशात टाकला आणि दुकानात गेलो. दुकानदार ओळखीचा. तो म्हणाला, “मामा, किती वॅटचा देऊ?” आता एकतीस वर्षांचा वायरमन ‘माहीत नाही’ कसं म्हणणार? मी म्हणालो, “होता तसाच दे.” त्यानं आकार बघितला, आटे बघितले आणि 40 वॅटचा तारेचा बल्ब दिला. बसला, लागला, मी खूश.

दहा-बारा दिवसांनी जिन्यात जळका वास यायला लागला. शेड उतरवली. आतली प्लास्टिकची रिंग तपकिरी होऊन वाकली होती. आणि त्या रिंगच्या बाजूलाच एक छोटं स्टिकर होतं, ‘जास्तीत जास्त 25 वॅट’. ते पहिल्या दिवसापासून तिथंच होतं. आमच्या मंडळींनी ते वाचलं आणि म्हणाल्या, “जन्मभर लोकांच्या घरी लाइट लावली आणि स्वतःच्या घरचं स्टिकर वाचलं नाही.”

बल्बवरचं लिहिलेलं पुसलं होतं, पण दिव्याच्या फिटिंगवरचं शाबूत होतं. मी बल्बला विचारत बसलो, फिटिंगला विचारलंच नाही. आम्ही घरी हसलो आणि विसरून गेलो.

आता दुसरी गोष्ट. सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात, मुलींचं एक वसतिगृह आहे. त्याला आपण दरवर्षी सामान पाठवतो. मुली बहुतेक पावरा आणि भिल्ल समाजाच्या, लांबलांबच्या पाड्यांवरून आलेल्या. शहाद्याहून घाट चढून जावं लागतं. पावसाळ्यात लाइन गेली की कधी येईल याचा नेम नाही. म्हणून तिथं दोन प्रकारची वीज आहे. एक खांबावरून येणारी, आपल्या घरात असते तशी, 230 व्होल्टची. दुसरी छपरावरच्या सोलर पट्टीतून बॅटरीत साठवलेली, 12 व्होल्टची. प्रत्येक खोलीत दोन होल्डर. एक लाइनचा, एक सोलरचा. दोन्ही सारखेच, पितळी, दोन पिनांचे.

असं त्या एकाच ठिकाणी आहे असं नाही. पाड्यांवर बऱ्याच ठिकाणी आधी सोलरचे दिवे पोचले. मग 2017 च्या सप्टेंबरात सौभाग्य योजना जाहीर झाली आणि घरोघर मीटर बसू लागले. त्याआधी, 2015 च्या जानेवारीत, सरकारनं स्वस्त एलईडी बल्बची उजाला योजना सुरू केली होती. त्यामुळं एकाच झोपडीत सोलरचा दिवा आणि लाइनचा दिवा शेजारी शेजारी आले. दोन्ही पांढरे, गोल, दुधी काचेसारख्या प्लास्टिकचे. चांगली गोष्ट झाली, पण दोघांतला फरक फक्त त्यांच्यावरच्या बारीक अक्षरांत उरला. अक्षरं पुसली की फरक संपला.

तर त्या वर्षी मी पेठेत फिरून बल्ब गोळा केले. आपल्याकडे संध्याकाळी हातगाड्या लागतात. त्यांतले पुष्कळजण बॅटरीवर दिवा लावतात. एका गाडीवाल्यानं शेजारच्या दुकानातून लाइन घेतली आणि जुने सहा बल्ब मला दिले. म्हणाला, “मामा, चालू आहेत, पोरींना द्या.” चांगल्या मनानं दिले. मी बघितले. एलईडी, दोन पिनांचे. लिहिलेलं तेलकट हातांनी पुसलेलं. बॅटरीवरचे असतील हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. नाही आलं. खोक्यात भरले आणि वर लिहिलं, ‘बल्ब, चालू’.

श्रावणातली संध्याकाळ. लाइन गेलेली. सोलरची बॅटरी ढगाळ दिवसांनी उतरलेली. सातवीतली एक मुलगी मोठी धाडसाची. गेलेला बल्ब बदलायला ती स्टुलावर चढली. आपल्या खोक्यातला एक बल्ब घेतला आणि लाइनच्या होल्डरात बसवला. बटण चालू राहिलंय हे अंधारात कुणाला कळलं नाही. तिचा हात अजून वरच होता आणि लाइन आली. 12 व्होल्टच्या बल्बला 230 व्होल्ट मिळाले. फट्कन आवाज झाला, दुधी टोपण उडालं, धूर आला. मुलगी दचकून स्टुलावरून पडली. मनगट मोडलं. डोळे वाचले, कारण टोपण बाजूनं गेलं.

वसतिगृहाच्या ताईंचा मला फोन आला. त्या चिडल्या नव्हत्या, हेच मला जास्त लागलं. त्या एवढंच म्हणाल्या, “दादा, उरलेल्या पाचांचं काय करू?”

मी दुसऱ्या दिवशी रात्रीच्या गाडीनं निघालो. गेलो तेव्हा ती मुलगी प्लॅस्टर घालून ओट्यावर बसली होती. मी माफी मागितली. तिला त्याचं फारसं काही नव्हतं. तिनं मलाच विचारलं, “बल्बवर काहीच लिहिलेलं नव्हतं, तर तो चालेल हे तुम्ही कशावरून ओळखलं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर मी ते उत्तर नीट मांडून काढलं. ते आता तुम्हाला सांगतो. घरचा बल्ब बदलतानाही हेच लागू आहे, म्हणून लक्ष द्या.

पहिली गोष्ट, हात लावण्याआधी. बटण बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये कधी कधी बटण चुकीच्या तारेवर जोडलेलं असतं. मग बटण बंद असलं तरी होल्डरात करंट राहतो. म्हणून मेन स्विच पाडा. लाइन गेलेली असली तरीही पाडा, कारण ती येताना विचारून येत नाही. तारेचा किंवा हॅलोजनचा बल्ब चालू होता तर दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या. आणि चढायला हलणारं स्टूल नको. खाली धरायला माणूस पाहिजे.

दुसरी गोष्ट, टोपी बघा. टोपी म्हणजे होल्डरात जाणारा धातूचा भाग. आपल्याकडे जास्त करून दोन पिनांची असते. दाबायची, फिरवायची, अडकते. बंदुकीला संगीन लावतात तशी ही पद्धत, म्हणून इंग्रजीत तिला संगिनीचंच नाव आहे. हिला बी-22 म्हणतात, कारण टोपीचा व्यास 22 मिलिमीटर. दुसरी आट्याची. मोठे आटे असले तर ई-27, बारीक असले तर ई-14. यातला ‘ई’ एडिसनच्या नावाचा आणि आकडा मिलिमीटरचा. घरी पट्टी नसली तर दहा रुपयांचं नाणं काढा. ते 27 मिलिमीटरचं असतं. आट्यांची रुंदी जवळपास तेवढी भरली तर ई-27. नाण्याच्या निम्मी दिसली तर ई-14. याशिवाय सिलिंगमधल्या छोट्या दिव्यांना खाली दोन काड्या असतात. काड्या जाड आणि टोकाला गोल असल्या तर ते बहुधा थेट लाइनवर चालतात. सुईसारख्या बारीक असल्या तर बहुधा 12 व्होल्टचे असतात आणि वर कुठंतरी ट्रान्सफॉर्मर लपवलेला असतो. ‘बहुधा’ म्हणतोय, खात्री वायर बघूनच करा.

तिसरी गोष्ट, जात ओळखा. आत बारीक तार दिसली तर जुना तारेचा बल्ब. वळवलेली पांढरी नळी असली तर सीएफएल. दुधी टोपण आणि खाली प्लास्टिकचा जाड भाग, तर एलईडी. सीएफएल फुटला तर त्यात थोडासा पारा असतो. खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, थोड्या वेळानं जाड कागदानं तुकडे उचला आणि ओल्या फडक्यानं पुसा. झाडू मारू नका, हातानं वेचू नका.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि मी तीच चुकलो. व्होल्ट. टोपी जुळली म्हणजे व्होल्ट जुळले असं नाही. बाजारात 12 व्होल्टचा बल्बही दोन पिनांच्या टोपीत मिळतो आणि 230 चाही. होल्डर दोघांनाही तेवढ्याच प्रेमानं घेतो. मग कळणार कसं? बल्बकडे बघू नका, होल्डरकडे बघा. त्याची वायर कुठं जाते? मीटरच्या बोर्डाकडे गेली तर 230. बॅटरीकडे गेली तर 12. मध्ये एखादा डबा, अडॅप्टर असला तर त्याच्यावर लिहिलेलं वाचा. जागा काय मागते ते कळलं की नवीन बल्ब घेणं सोपं. गेलेला बल्ब काय होता हे कळलं नाही तरी अडत नाही.

कुणी म्हणेल, मामा, जुना बल्ब चालू आहे, टाकून कसा देऊ? तपासता येत नाही का? येतो, पण क्रम उलटा झाला की घात. आधी लहान, मग मोठं. मोटारसायकलच्या बॅटरीसारख्या 12 व्होल्टवर लावून बघायचा. नाही लागला तर तारा उलट करून बघायचा. लागला, तर तो बॅटरीचा. 230 च्या बल्बला 12 व्होल्टनं काही इजा होत नाही, तो फक्त लागत नाही. उलट केलंत तर काय होतं, ते त्या मुलीला विचारा. पण इथं एक फसवणूक आहे. 12 वर लागला नाही म्हणजे तो 230 चाच, असं म्हणता येत नाही. 24 व्होल्टचा असेल, मेलेला असेल. आम्ही वायरमन सिरीज बोर्डावर, म्हणजे साखळीत एक तारेचा बल्ब जोडून, वस्तू तपासतो. शॉर्ट असला तर तो बल्ब भकाभक पेटतो आणि फ्यूज वाचतो. पण एलईडी फार थोडा करंट घेतो, त्यामुळं कमी व्होल्टचा एलईडी सिरीज बोर्डावरसुद्धा उडू शकतो. म्हणून माझं आता सरळ म्हणणं आहे. बॅटरीवर लागला नाही आणि अक्षर वाचता येत नाही, तर तो बल्ब कुणाच्या घरी पाठवायचा नाही. त्याची किंमत किती, आणि मनगटाची किती?

पाचवी गोष्ट, वॅट. फिटिंगच्या आत स्टिकर असतं, ते वाचा. माझ्या जिन्यासारखं करू नका. तारेचा बल्ब काढून एलईडी लावताना लोक वॅटला वॅट जुळवायला जातात. तसं करायचं नसतं. 60 वॅटचा जुना बल्ब साधारण 700 ल्युमेन उजेड द्यायचा. 9 वॅटचा चांगला एलईडी त्याहून थोडा जास्तच देतो. उजेड ल्युमेनमध्ये मोजा, वॅट म्हणजे खाणं. आपला तो झिरोचा बल्ब आठवतो ना? नावाला झिरो, खायचा 12 ते 15 वॅट. एलईडी कमी तापतो हे खरं, पण त्याच्या बुडातला छोटा सर्किट उष्णतेला भितो. बंद काचेच्या शेडमध्ये कोंडला तर लवकर मरतो. अशा जागी कमी वॅटचा, आणि पुडक्यावर बंद फिटिंगला चालेल असं लिहिलेला घ्यावा. उजेड मंद करायचं बटण असेल तर तसं चालणारा एलईडी मागून घ्यावा, नाहीतर तो लुकलुकतो.

सहावी गोष्ट एका मिनिटाची आहे आणि ती कुणीच करत नाही. नवीन बल्ब लावलात की फिटिंगच्या आत कागद चिकटवा. टोपी कुठली, व्होल्ट किती, वॅट किती, कधी लावला. बल्बवरचं पुसेल, हे राहील. पुढच्या वेळी स्टुलावर तुम्ही असाल की तुमचा नातू, कुणास ठाऊक.

आता आपल्या खोक्यांबद्दल.

त्या वसतिगृहात मी तीन दिवस राहिलो. पहिल्या दिवशी सोलरच्या होल्डरवर लाल रंगाचा ठिपका दिला आणि लाइनच्या होल्डरवर पिवळा. ताईंना वाटलं काम झालं. रात्री मला झोप लागेना. अंधारात लाल काय आणि पिवळा काय! ती मुलगी अंधारातच तर चढली होती. दुसऱ्या दिवशी मी शहाद्याला उतरलो, आट्याचे होल्डर आणले आणि सोलरच्या लाइनीवरचे अकराच्या अकरा होल्डर बदलले. सोलरला आट्याचे, लाइनला पिनांचे. बारा व्होल्टचे आट्याचे बल्बही मिळतात, ते आणून ठेवले. आता पिनांचा बल्ब सोलरला बसतच नाही आणि आट्याचा लाइनला बसत नाही. वाचायला येवो न येवो, उजेड असो नसो, चूक करायला जागाच उरली नाही. माझ्या सगळ्या नोकरीत मी केलेलं हे सगळ्यात चांगलं काम, असं मला वाटतं. आणि ते करायला एका मुलीला पडावं लागलं, हेही मी विसरत नाही.

तेव्हा माझ्या तीन विनंत्या आहेत. एक, यापुढे वापरलेला बल्ब घ्यायचा नाही. देणाऱ्याला हात जोडून सांगा, भावना पोचली, बल्ब नको. नवीन द्यायचा असेल तर पुडक्यासकट घ्या, आणि पुडक्यावर व्होल्ट वाचूनच घ्या. दोन, बॅटरीचे आणि लाइनचे बल्ब एका खोक्यात भरायचे नाहीत. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘बॅटरीचे’ किंवा ‘लाइनचे’ लिहायचं. व्होल्टचा आकडा लिहाच, पण शब्दही लिहा. तीन, जिथं दोन्ही वीज आहेत त्या प्रत्येक वसतिगृहाची आणि शाळेची यादी करायची आणि होल्डर बदलायचे. मी येतो. माझ्याबरोबर यायला दोन तरुण वायरमन पाहिजेत. पेठेतल्या पोरांनी नावं द्यावीत.

एक गोष्ट आपल्या मनाशीही ठेवा. आपण देतो तेव्हा असं समजतो की समोरच्याला काहीतरी मिळालं, ते चांगलंच असणार. मी ‘चालू’ लिहिलं, कारण ते पोरींसाठी होतं. माझ्या नातीच्या खोलीत लावायचा असता, तर मी तो बल्ब दोनदा तपासला असता. हे मी स्वतःशी कबूल केलं, तेव्हा मला फार लाज वाटली. पाड्यावर पाठवायची वस्तू आपल्या घरात वापरण्याइतकी खात्रीची असली पाहिजे. त्याहून कमी नाही.

ती मुलगी आता नववीत आहे. मनगट बरं झालं, थोडं वाकडं राहिलंय. आपलं खोकं गेलं की यादी हातात घेऊन तीच उघडते. मागच्या वेळी तिनं फोनवर मला सांगितलं, “एका पुडक्यावर व्होल्ट लिहिलेले नव्हते, मी बाजूला ठेवलंय.” मी म्हणालो, “बरं केलंस, बाळा. मी आलो की बघू.”

माझा बल्ब कुठवर गेला? हां, द्या इकडे. उरलेल्या पाचांतला हा एक. बाकीचे चार मी तिथंच फोडून पुरले. हा माझ्या टेबलावर असतो. खोकं भरायला बसलो की समोर ठेवतो.